मागची सीट

आमच्या वहिनींनी बावीस वर्षांत हजारभर माणसांना गाडी चालवायला शिकवलं आणि एक वेळ सोडली तर त्यांतल्या एकावरही कधी आवाज चढवला नाही. दिरावर चढवला, पण तो धरायचा नसतो. शिकाऊ माणूस भर चौकात गाडी बंद पाडतो, मागून दहाजण हॉर्न वाजवतात, आणि वहिनी शेजारच्या सीटवरून म्हणतात, "हॉर्न त्यांचा आहे, वाजवू दे त्यांना. तुम्ही क्लच दाबा." त्यांच्या पायाशी जादा क्लच आणि जादा ब्रेक बसवलेला आहे. तो ब्रेक त्या इतक्या अलगद दाबतात की शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली.

मी त्यांचा धाकटा दीर. जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देणं हा माझा धंदा. माझं दुकान आणि वहिनींची ड्रायव्हिंग स्कूल एकाच गल्लीत आहेत, मध्ये फक्त एक भिंत. थोरला भाऊ, म्हणजे त्यांचा नवरा, पाणीपुरवठा खात्यात आहे. त्याला कुठल्याच खेळातलं काही कळत नाही, तेव्हा या गोष्टीत तो येणार नाही. माणूस चांगला आहे.

खेळ आमच्या घरात आणला तो भाचीने. भाची म्हणजे वहिनींच्या बहिणीची मुलगी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते, एक वाजता तिची पाळी सुटते आणि ती मावशीकडे जेवायला येते. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी तिने मावशीच्या मोबाईलवर एक खेळ टाकून दिला आणि म्हणाली, "मावशी, पाचच मिनिटं बघ." वहिनींनी पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "यात मागचं बघायला आरसा का नाही?" तिथूनच मला कळायला हवं होतं.

खेळ सोपा आहे. एक नदी, तिच्यावर एकच पूल, दोन्ही काठांवर एकेक बुरूज. चार गडी या काठाला, चार त्या काठाला. समोरचे कोण, कुठल्या देशातले, काही पत्ता नसतो. पूल ओलांडायचा, समोरच्यांचा झेंडा उचलायचा आणि जिवंत परत यायचं. मेलात तर दहा सेकंदांनी पुन्हा उठता, एवढी सोय प्रत्यक्षात असती तर किती बरं झालं असतं. एक सामना दहा-बारा मिनिटांचा. जिंकलात की एक पायरी वर, हरलात की एक पायरी खाली. तीन महिन्यांनी हंगाम संपतो. पायऱ्या संपल्या की वर असते ती गच्ची. गच्चीवर फार थोडे संघ पोचतात.

आम्ही पाचजण जमलो. वहिनी, भाची आणि मी घरचेच. चौथी आत्या, माझ्या वडिलांची बहीण, वय सदुसष्ट. तिने उभी हयात टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून काढली. कानाला हेडफोन लावून चौघांचं एकदम ऐकायचं आणि ज्याला त्याला त्याच्यापुरतंच सांगायचं, हे तिला शिकवावं लागलं नाही. तिची बोटं सावकाश चालतात, पण शत्रू कुठून येतोय ते तिला आमच्या आधी कळतं. पाचवा पोपट. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि एखाद्या इमारतीच्या यंत्रखोलीत डबा उघडून तिथूनच खेळतो. तोंड एक क्षण बंद नसतं म्हणून पोपट. तो वहिनींचा जुना विद्यार्थी, परवान्याच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला. चौथ्यांदा तो पास झाला तेव्हा मैदानाच्या कुंपणाबाहेर वहिनींनी अशा उड्या मारल्या, की परीक्षकाने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "बाई, पास नक्की कोण झालंय?"

संघाचं नाव आम्ही ठेवलं 'एल बोर्ड'. समोरचे नाव वाचून हसायचे आणि मग हरायचे.

आता कुणी म्हणेल, घोड्यासारखी वाढलेली माणसं दुपारी मोबाईल घेऊन बसतात. अशांना मी माझ्या दुकानातल्या एका ठरावीक स्टुलावर बसवतो, त्याचा एक पाय आखूड आहे. पण दिवसरात्र खेळणाऱ्यांचंही मला कौतुक नाही. आमच्याबरोबर सुरू झालेले कितीतरी संघ रोज वीस-वीस सामने खेळायचे. महिन्याभरात ते आमच्या डोक्यावरून वर गेले, दुसऱ्या महिन्यात आपसांत भांडले आणि तिसऱ्यात दिसेनासे झाले. आम्ही एवढी वर्षं टिकलो ते वहिनींच्या नियमांमुळे.

आठवड्यातल्या चार दुपारी, रविवार धरून, दोन ते तीन हा आमचा वेळ. वहिनींचे धडे सकाळी आणि संध्याकाळी असतात, दुपारी शाळा रिकामी. तीन सामने झाले की चावी काढायची. "जिंकत असलो तरी?" असं पोपटाने एकदा विचारलं. "जिंकत असलो तर आधी काढायची," वहिनी म्हणाल्या. चाळीस मिनिटांनंतर शिकाऊ माणूस काही शिकत नाही, चुका तेवढ्या पाठ करतो, हे त्यांचं मत. हरल्या हरल्या पुढचा सामना लावायचा नाही. फोन ठेवायचा, पाणी प्यायचं, गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं. आत्याही यायची, चपला फटफटवत आणि समोरच्या संघाला नावं ठेवत. टोकाला पोचेपर्यंत राग उतरलेला असायचा.

आणि मागची सीट. वहिनींच्या गाडीत शिकाऊ माणूस कधी एकटा नसतो. एकजण चालवतो, दुसरा मागे बसून बघतो, आणि धडा संपला की मागच्याने पुढच्याची एक चांगली गोष्ट सांगायची. चुका सांगायच्या नाहीत. "चुका बघायला मी आहे," वहिनी म्हणतात. त्यांच्या मते गाडी पुढच्या सीटवर चालवायला येते, पण कळते मागच्या सीटवर. आमच्या खेळातही तेच. चार खेळायचे आणि पाचवा मागच्या सीटवर, म्हणजे फोनवर नुसता सामना बघायचा आणि शेवटी प्रत्येकाचं एकेक बरं काम सांगायचं. सुरुवातीला मला ही शिक्षा वाटायची. नंतर लक्षात आलं, मागे बसून उठलं की हाताला खेळायची भूक लागलेली असते. पाळ्यांसाठी भाचीने शाळेच्या छापील तक्त्याच्या प्रती काढल्या. प्रत्येक महिन्याचा नवा तक्ता शाळेच्या भिंतीवरच्या मोठ्या आरशाशेजारी लागायचा आणि ज्याची पाळी होईल त्याच्या नावापुढे बरोबरची खूण व्हायची.

हे सगळं नीट चाललं होतं. बिघडलं ते मला एका खुर्चीवरून कळलं.

गेल्या वर्षी एका हंगामाचा शेवट जवळ आला आणि आम्ही पहिल्यांदाच गच्चीपासून दोन पायऱ्यांवर पोचलो. त्याच आठवड्यात वहिनींनी त्यांची शाळेतली खुर्ची माझ्याकडे पाठवली. निरोप होता, "रेक्झिन फाटलंय, बदलून द्या." मी रेक्झिन काढलं आणि आतला फोम पाहिला. वीस-पंचवीस वर्षं मी लोकांच्या बुडाखालचा फोम बघतोय, यात मला कुणी फसवू शकत नाही. माणूस निवांत बसत असेल तर फोम मागच्या बाजूला दबतो. जो धास्तावलेला असतो, उठायच्या तयारीत असतो, त्याची खुर्ची पुढच्या कडेला दबते. मोठ्या साहेबांच्या आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर थांबणाऱ्यांच्या खुर्च्या अशा असतात. वहिनींच्या खुर्चीची पुढची चार बोटं पापडासारखी झाली होती. मागचा भाग आणला तेव्हा होता तसाच, कोरा करकरीत. ही खुर्ची मीच चार वर्षांपूर्वी मढवली होती. चार वर्षं बाई टेकूनच बसलेली नव्हती.

मी नवा फोम घातला, पण डोक्यातून ते जाईना. मग इतर गोष्टीही दिसायला लागल्या. सामना सुरू असताना वहिनी पूर्वी मोजून बोलायच्या. आता प्रत्येकाच्या हालचालीवर सूचना. "भाऊजी, डावीकडे. डावीकडे! अहो, दुसरं डावं!" पोपट एकदा अर्धा मिनिट गप्प बसला, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. जिंकल्यावरही वहिनी हसेनात. "सुटलो एकदाचे," एवढंच म्हणायच्या आणि तोंडावरून हात फिरवायच्या.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी दुकानाच्या दारात सोफ्याचे खिळे उपटत होतो. वहिनींची गाडी येऊन थांबली. चालवणारी एक बँकेत काम करणारी बाई होती, नवीनच शिकायला लागलेली. ती उतरली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मागच्या सीटवरचा माणूसही खाली मान घालून चालता झाला. वहिनी गाडीतच बसून राहिल्या. मी जवळ गेलो तर हातात फोन, फोनवर पूल आणि पुलावर वहिनी, कुठल्या तरी अनोळखी तिघांबरोबर सराव करत.

"कितवा सामना?" मी विचारलं.

"मोजले नाहीत."

"आणि चावी?"

"भाऊजी, तुम्ही तुमचे खिळे बघा."

मी खिळे बघितले नाहीत. दार उघडून बाजूला बसलो. ती सीट चालवणाऱ्याची होती, त्यामुळे वहिनी त्यांच्या नेहमीच्या जागीच होत्या. त्यांनी तो सामना संपवला. मग फोन मांडीवर उलटा ठेवून म्हणाल्या, "मी त्या बाईवर ओरडले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिने काही केलं नव्हतं हो, नुसता आरसा बघायचा विसरली." त्यांनी मागचं बघायचा आरसा उगाच सरळ केला. "हा हंगाम संपला की मी खेळ बंद करणार आहे. तुम्हाला गच्चीवर पोचवते आणि मी उतरते. आता मला नको वाटतं ते. दोन वाजायला आले की मी घड्याळाकडे पाठ करून बसते."

माझी पाचावर धारण बसली. मी सडाफटिंग माणूस. दुपारी दोन ते तीन हाच काय तो माझा संसार. वहिनी गेल्या की संघ संपला, हे मला सांगायला ज्योतिषी नको होता. पोपट दुसऱ्या कुणाशी बोलेल, भाची लॅबमध्येच जेवेल आणि आत्या पुन्हा दिवसभर खिडकीशी बसेल. पण त्याहून जास्त एका गोष्टीचं वाईट वाटलं. वहिनींना हा खेळ आवडायचा. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त त्यांना आवडायचा, आणि आता तो एखाद्या नकोशा पाहुण्यासारखा त्यांच्या दाराशी रोज दोनला येत होता.

मला कोडं एवढंच पडलं होतं की तोच तास, तेच सामने, तेच नियम; आम्ही चौघं ताजेतवाने आणि ज्यांनी नियम केले त्याच दमलेल्या, हे कसं? शनिवारी मी नवी मढवलेली खुर्ची शाळेत पोचवायला गेलो. वहिनी धड्यावर होत्या. खोलीत ते लांब टेबल, त्यावर रंगवलेला चौक आणि खेळण्यातल्या गाड्या; वहिनी त्याच गाड्यांनी आम्हाला पुलाचे डावपेच समजावतात. समोर भिंतभर आरसा. आरशाशेजारी तक्ता. चार वर्षं मी त्या तक्त्यावर खुणा करत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा तो वाचला.

छापील तक्ता तो. वर ठळक अक्षरांत 'प्रशिक्षक' आणि त्यापुढे वहिनींचं नाव. खाली 'विद्यार्थी', एक ते चार. आत्या, पोपट, भाची, मी. चौघांच्याच पुढे रकाने, आणि त्यातला शेवटचा मागच्या सीटचा. शाळेच्या तक्त्यात प्रशिक्षकाला मागची सीट नसतेच, कारण प्रशिक्षक मागे बसला तर ब्रेक कोण दाबणार? आम्ही तोच तक्ता उचलला, तीच नावं भरली आणि चार वर्षं प्रामाणिकपणे पाळ्या लावल्या. माझ्या सुमारे सहाशे पाळ्या मागच्या सीटवर झाल्या असतील. वहिनींची एकही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मी तिथूनच तिघांना फोन लावले. भाचीने आधी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "काका, प्रती मी काढल्या होत्या." पोपट म्हणाला, "मॅडमना मागे बसा असं कोण सांगणार? मी नाही. मला अजून स्वप्नात त्यांच्यासमोर गिअर बदलावे लागतात." आत्या म्हणाली, "सूनबाई गाडीतून उतरली तरी तिचा पाय ब्रेकवरच असतो. उद्या बघू."

उद्या म्हणजे रविवार, हंगामाचा शेवटचा दिवस. सामने उरले होते तीन. शनिवारी एक हरून-एक जिंकून आम्ही होतो तिथेच होतो, म्हणजे गच्चीला दोन पायऱ्या. पोपटाला सुटी होती, त्यामुळे तोही शाळेत आला. पाचहीजण एका खोलीत असे आम्ही फार कमी वेळा असतो. पहिल्या सामन्यात भाची मागे होती आणि आम्ही जिंकलो. खुर्चीच्या कडेवरूनच वहिनी म्हणाल्या, "अजून एक." दुसऱ्यात आत्या मागे बसली आणि आम्ही हरलो. शत्रूचा एकजण पुलाखालून आला, भाचीला तो दिसला नाही आणि वहिनी ओरडल्या, "डोळे कुठे होते तुझे? सगळं मीच बघायचं का?"

भाचीने फोन टेबलावर उलटा ठेवला. आता गच्ची गेलीच होती. उरलेला एक सामना जिंकलो तरी एक पायरी कमीच पडणार होती.

नियमाप्रमाणे आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा मी तक्ता भिंतीवरून काढला आणि टेबलावर, त्या रंगवलेल्या चौकाच्या मधोमध ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही.

"वहिनी, या तक्त्यात एक चूक आहे. शोधा."

त्यांनी चष्मा लावून वाचला. "काही चूक नाही. पाळी पोपटाची आहे."

"मागच्या सीटवर तुमची पाळी कधी झाली?"

"माझी कशी होईल? मी..." त्या थांबल्या. बोट 'प्रशिक्षक' या शब्दावर होतं. ते खाली सरकलं, एक ते चार नावांवरून फिरलं आणि पुन्हा वर गेलं. चूक त्यांना दिसली, पण मान्य करणं वेगळं. "आणि मी मागे बसले तर पूल कोण राखणार?"

"मी," भाची म्हणाली.

"तुला पुलाखालचा एक दिसला नाही."

"दिसला नाही, कारण मी तुझं ऐकत होते, मावशी. तू बोलत असतेस तेव्हा मी तुझं ऐकते, बघत नाही."

हे कुणीतरी सांगायला हवं होतं, पण ज्या पोरीने सांगितलं तिचेच डोळे भरून आले. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता त्या आखूड पायाच्या स्टुलावर माझीच पाळी. तेवढ्यात आत्याने हेडफोन कानाला लावले आणि ज्या आवाजात ती ऑफिसात कुणाची लाईन तोडत असेल त्याच आवाजात म्हणाली, "सूनबाई, उतर."

वहिनी उठल्या. नवी मढवलेली खुर्ची त्यांनी ओढत मागच्या भिंतीशी नेली आणि बसल्या. कडेवरच बसल्या. आम्ही चौघांनी सामना लावला.

मी आरशासमोर होतो, त्यामुळे मला त्या दिसत होत्या. हातात फोन, फोनवर आमचा सामना, आणि उजवा पाय जमिनीवर. पोपट पुढे धावला, पाय दाबला गेला. मी चुकीच्या वळणावर गेलो, पाय दाबला गेला. तिथे नुसती फरशी होती, पण बाई ब्रेक दाबत होत्या. तोंडातून अक्षर नाही. नियम म्हणजे नियम, मागच्याने सामना चालू असताना बोलायचं नसतं, आणि तो त्यांनीच केलेला.

सहाव्या मिनिटाला समोरचे चौघं एकदम पुलाकडे निघाले. अशा वेळी पुलावर ठाण मांडून बसायचं ही वहिनींची रीत. भाची मात्र पूल सोडून खाली नदीकाठच्या झुडपात उतरली. मागून टाच फरशीवर आपटल्याचा आवाज आला, ठप्प. समोरचे चौघं रिकाम्या पुलावरून धावत आमच्या बुरुजाकडे गेले. पोपट बुरुजात एकटा. तो मरत होता, उठत होता, पुन्हा मरत होता आणि तोंड चालूच होतं, "या, या, बसा, आत्ताच लिफ्ट बंद पडली आहे, वेळ लागेल." आत्या शांतपणे म्हणाली, "बाळा, त्यांचा बुरूज रिकामा आहे. पूलही रिकामा आहे. धाव." बाळ शेहेचाळीस वर्षांचा आहे, पण धावला. झेंडा उचलला, परत फिरलो आणि पुलाच्या मध्यावर एकाने मला गाठून पाडलं.

मेल्यावर दहा सेकंद काही करता येत नाही. त्या दहा सेकंदांत मी आरशात पाहिलं. पडलेला झेंडा उचलायला भाची झुडपातून वर येत होती, अगदी माझ्याजवळून, जिथे कुणाचं लक्ष नव्हतं. आणि आरशात वहिनींचा पाय हलत नव्हता. दोन्ही पाय लांब सोडलेले होते. त्या खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसल्या होत्या आणि एखादी गंमत बघावी तशा तोंड उघडं टाकून बघत होत्या.

भाचीने झेंडा घरी आणला. आम्ही जिंकलो.

पोपट टेबलावर थापा मारायला लागला, मग थांबला. सगळे मागे वळून बघायला लागले. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. हरलो असतो तर वहिनी म्हणाल्या असत्या, बघा, माझ्यावाचून चालत नाही. आम्ही जिंकलो होतो, त्यांच्याच जागेवर भाची उभी राहून, त्यांच्या रीतीच्या उलट खेळून. ज्या बाईला उतरायचंच होतं तिला आम्ही दार उघडून दिलं की काय, असं मला वाटलं.

वहिनींनी चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "आता मागच्याने सांगायचं ना? सांगते. आत्या, तुम्ही सगळ्या सामन्यात फक्त चौदा वेळा बोललात आणि एकही शब्द फुकट नव्हता. पोपट, तू मरताना मजा करतोस. ते मी विसरले होते. भाऊजी, तुम्ही दुसऱ्या डाव्या वळणावर स्वतःहून वळलात, कुणी सांगितलं नव्हतं." मग भाचीकडे वळल्या. "आणि तू पूल सोडलास. मी सोडू दिला नसता."

"माहीत आहे," भाची म्हणाली.

"म्हणून तर म्हणते." त्या उठून भाचीजवळ आल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मघाशी ओरडले, ते चुकलं माझं." मग आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं मी लोकांना शिकवते. परीक्षेच्या दिवशी त्या गाडीत मी नसते. मी कुंपणाबाहेर उभी असते. माझं खरं सुख तिथे असतं हो. गाडीत बसून कुणाला कधी उड्या मारता आल्या आहेत का?"

पोपटाने खिडकीतून डोकं काढल्यासारखी मान पुढे केली. "बाई, पास नक्की कोण झालंय?"

वहिनी हसल्या. अशा हसल्या की भिंतीपलीकडे माझ्या दुकानात कुणी गिऱ्हाईक असतं तर डोकावून गेलं असतं. किती महिन्यांनी ते हसू ऐकलं, आणि मला गच्चीचं काही म्हणजे काही वाटलं नाही. आम्ही एक पायरी खाली राहिलो होतो. पोपट म्हणाला, "मॅडम, वेळ आहे अजून, एक लावूया का?" वहिनींनी घड्याळ बघितलं, टेबलावरची शाळेच्या गाडीची खरी चावी उचलली आणि पर्समध्ये टाकली. "तीन झाले."

मग त्यांनी पेन घेतलं. तक्त्यावर 'प्रशिक्षक' शब्दापुढचं आपलं नाव खोडलं आणि खाली, चार आकड्यांखाली जागा नव्हती तिथे, पट्टीने रेघ मारून पाचवी ओळ काढली. नाव लिहिलं आणि समोर बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बँकेतल्या बाईला फोन केला. काय बोलल्या मला माहीत नाही, पण आठवड्याने ती बाई गाडी चालवत गल्लीत शिरली आणि मला बघून हॉर्न वाजवला. त्याची काही गरज नव्हती.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. गच्चीवर आम्ही मागच्या हंगामात पोचलो. वरून काही खास दिसत नाही. परवा वहिनींनी पुन्हा निरोप पाठवला, "भाऊजी, तुमचा फोम काही खरा नाही. वर्षात बसला. बदलून द्या."

मी दुपारी दोनच्या आधी गेलो, खुर्ची उलटीपालटी करून बघितली, गादीवर तळवा फिरवला. पुढची कड होती तशी, ताठ. मागचा भाग चांगला वीतभर रुंद दबला होता, पाठ टेकवून, पाय पसरून रोज बसणाऱ्या माणसाचा.

"काय, बदलायचा ना?" वहिनींनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ही खुर्ची आत्ता कुठे बरोबर झाली आहे."